काम कशास म्हणावें ?

कांहीं महिन्यांपूर्वीं एका सकाळीं सरकारी पाहणीचा एक तरुण गणक आमच्या दारीं आला. हातांत वहीच्या ऐवजीं टॅब्लेट होता, बोलण्यांत अदब होती, आणि आधींच्या एखाद्या घरीं दार तोंडावर लावून घेतलेलें असावें असा थोडा संकोचही होता. कुटुंबांत माणसें किती, वयें काय, शिकलीं किती, गेल्या सात दिवसांत कोणीं कोणतें काम केलें, असे प्रश्न तो एकामागून एक विचारीत गेला. माझें सांगून झालें. मुलाचें सांगून झालें. मग पत्नीची ओळ आली. "त्या घरांत असतील तर त्यांनाच विचारूं का ?" असें तो म्हणाला. "त्यांना कशाला त्रास ? लिहा, घरकाम," असें मीं उत्तर दिलें. त्यानें तसें लिहून घेतलें व पाणी पिऊन तो निघून गेला. तो गेल्यावर पत्नी पेला उचलावयास बाहेर आली आणि इतकेंच म्हणाली, "मागच्या आठवड्यांत सात साड्यांना फॉल लावले. ते कोणत्या सदरांत गेले ?"

ह्या प्रश्नाचें उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं. साड्या शेजारणींच्या होत्या, त्यांचे पैसे आले होते, ते घरांतच खर्चही झाले होते, आणि हें सर्व मला ठाऊक होतें. मी खोटें बोललों असें म्हणावें, तर खोटें बोलण्याचा माझा हेतु नव्हता. खरें बोललों असें म्हणावें, तर त्या सात साड्या आड येत होत्या. शिवाय जें उत्तर माझ्या तोंडून इतक्या सहज गेलें, तें माझें एकट्याचें नव्हे. हजारों दारांत, हजारों सज्जन गृहस्थांच्या तोंडून तें असेंच जात असतें. आणि त्या उत्तरांची बेरीज होऊन जो आंकडा निघतो, त्यावरून देशांत किती लोक कामावर आहेत, किती बेकार आहेत, मजुरी चढली कीं उतरली, हें ठरतें. तेव्हां प्रश्न माझ्या घरापुरता राहत नाहीं. काम कशास म्हणावें, तें कोणीं ठरवावें, आणि दुसऱ्याच्या श्रमाविषयीं साक्ष देण्याचा अधिकार कोणास, असे तीन प्रश्न त्यांत गुंतलेले आहेत. ते संख्याशास्त्राचे आहेत त्याहून अधिक नीतीचे आहेत, असें मला वाटूं लागलें आहे.

प्रथम ह्या पाहणीचें स्वरूप पाहूं. कारखान्यांतील मजुराची माहिती कारखान्याच्या हजेरीपटावरून मिळते. परंतु ज्याचें नांव कोणत्याच हजेरीपटावर नाहीं त्याचें काय ? शेतमजूर, हातगाडीवाला, घरीं विड्या वळणारी बाई, भावाच्या दुकानांत बसणारा भाऊ, ह्यांचा धनी एक नाहीं, ठिकाण एक नाहीं, कित्येकदां पैसे हातीं पडण्याचा दिवसही एक नाहीं. ह्यांस गांठावयाचें तर त्यांच्या घरींच गेलें पाहिजे. कारण मनुष्य दिवसा कोठेंही असो, रात्रीं तो बहुधा कोणत्या तरी घरांत जेवतो. ह्या साध्या विचारावर सर्व कौटुंबिक श्रमपाहण्या उभ्या आहेत. सगळ्याच घरीं जाणें शक्य नसतें. म्हणून नमुन्यादाखल कांहीं घरें निवडावयाचीं आणि शितावरून भाताची परीक्षा करावयाची. अमेरिकेंत मोठ्या मंदीच्या काळांत बेकार किती हें कोणालाच निश्चयानें सांगतां येईना, तेव्हां १९४० सालीं तेथें अशी मासिक पाहणी सुरू झाली. आपल्याकडे १९५० सालीं प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकारानें राष्ट्रीय नमुना पाहणीचा आरंभ झाला. त्याच्या आदल्या वर्षीं नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितींत महालनोबीसांच्या जोडीला जे दोन सभासद होते, त्यांपैकीं एक पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे होत. घराघरांतील व्यवहाराची माहिती नसेल तर राष्ट्राच्या उत्पन्नाचा हिशेब लंगडा राहतो, ही जाणीव त्या समितीच्या कामांतून बळावली.

महाराष्ट्राला ही गोष्ट अगदीं नवी नव्हती. डॉ. हॅरल्ड मान यांनीं केलेला पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गांवाचा अभ्यास १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. आज तेथें बहुमजली इमारती उभ्या आहेत, परंतु शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च त्याच्याच ओटीवर बसून समजून घ्यावा लागतो, हा त्या अभ्यासाचा धडा जुना झालेला नाहीं. मुंबईच्या कामगारवर्गाच्या घरखर्चाच्या चौकशीचा अहवाल १९२३ सालीं निघाला. खुद्द गाडगीळांनीं केलेल्या पुणें शहराच्या सामाजिक व आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ सालीं बाहेर पडला. थोडक्यांत सांगावयाचें तर दारीं येणारा हा गणक शंभर वर्षांच्या परंपरेंतला आहे. त्याला वाटेवरचा फिरस्ता समजण्याचें कारण नाहीं.

आतां ज्या कुटुंबाची पाहणी करावयाची तें ओळखावें कसें ? छप्पर एक असलें म्हणजे कुटुंब एक असें नाहीं. एका वाड्यांत चार बिऱ्हाडें नांदतात. रक्त एक असलें म्हणजेही नाहीं. सख्खे भाऊ वेगळे राहतात. पाहणीनें जी खूण ठरविली आहे, ती एखाद्या आजीबाईला विचारली असती तर तिनेंही तीच सांगितली असती : जीं माणसें एरवीं एकत्र राहतात व एका चुलीवर शिजलेलें अन्न खातात, त्यांचें एक कुटुंब. चूल वेगळी झाली कीं घर वेगळें झालें, हा आपला जुना व्यवहार. संख्याशास्त्राच्या एवढ्या मोठ्या इमारतीचा पाया अशा रीतीनें चुलीच्या तीन धोंड्यांवर ठेवलेला आहे.

आणि येथेंच एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. चूल हें कुटुंबाचें लक्षण. परंतु ती चूल पेटविणारी जी बाई, तिच्या त्या कष्टास पाहणीच्या भाषेंत काम म्हणत नाहींत. शेतांत ज्वारी पिकविली, मग ती विकावयाची नसून घरींच खावयाची असली, तरी तें काम. तीच ज्वारी निवडणें, दळणें, तिची भाकरी थापणें, हें आपल्या घरासाठीं केलें तर काम नव्हे. तीच भाकरी खानावळींत गिऱ्हाइकासाठीं थापली तर पुन्हां काम. हात तेच, पीठ तेंच, विस्तव तोच. मध्यें एक उंबरठा आला एवढेंच. केंब्रिजचे अर्थशास्त्री पिगू यांनीं शंभर वर्षांपूर्वींच ह्या विसंगतीकडे बोट दाखविलें होतें. एखाद्या गृहस्थानें आपलें घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशीं लग्न केलें, तर राष्ट्राचें उत्पन्न तेवढ्यानें घटतें, असें ते म्हणत. घरांतलें काम घटलें नाहीं. पगार तेवढा बंद झाला.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, हे शाब्दिक खेळ आहेत. व्याख्या कोठें तरी ओढावीच लागते. खरें आहे. परंतु ती ओढतांना किती माणसें पलीकडे पडतात, हें तरी पाहिलें पाहिजे. १९६१ च्या खानेसुमारींत हंगामी काम करणाऱ्या माणसानें हंगामाचा बराचसा काळ दिवसाला तासभर जरी नियमित काम केलेलें असलें, तरी त्याला कामकरी धरलें होतें. १९७१ सालीं प्रश्न फिरला. तुमचा मुख्य उद्योग कोणता, असें विचारलें गेलें. मधल्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली होती, परंतु कामकरी स्त्रियांची संख्या सुमारें सहा कोटींवरून सुमारें तीन कोटींवर आली. ह्या बायकांनीं हातांतलें खुरपें खालीं ठेविलें नव्हतें. निंदणी चालू होती, वेचणी चालू होती, गुरांचें शेणपाणी चालू होतें. ही घट मुख्यतः प्रश्न बदलल्याची होती. "मुख्य उद्योग" म्हणतांच घरधन्यानें, बहुधा माझ्याच शब्दांत आणि माझ्याइतक्याच सहजपणें, घरकाम म्हणून सांगितलें. पुढें १९८१ पासून मुख्य कामकरी व सीमांत कामकरी असे दोन वर्ग पाडून ही चूक कांहीं अंशीं दुरुस्त करावी लागली.

हें केवळ आपल्याच देशांत झालें असें नव्हे. अमेरिकेच्या पाहणींत १९९४ पर्यंत पहिलाच प्रश्न असा असे कीं, गेल्या आठवड्यांत तुम्ही बहुतेक वेळ काय करीत होतां ? तो विचारतांना समोर पुरुष असला तर गणक "काम करीत होतां का" येथून आरंभ करी, आणि समोर बाई असली तर "घर सांभाळीत होतां का" येथून. प्रश्नांतच उत्तर पेरलेलें असे. त्या वर्षीं प्रश्नावली बदलली, ती ह्या दोषाची जाणीव झाल्यामुळेंही.

बेकारीची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. ज्यास काम नाहीं, आणि जो तें शोधतो आहे किंवा करावयास तयार आहे, तो बेकार. ज्यानें गेल्या सात दिवसांत एका दिवशीं एक तास जरी काम केलें, तो साप्ताहिक मापानें बेकार नव्हे. व्याख्या स्पष्ट आहे, आणि सर्व देशांस सारखी असल्यामुळें तुलनेला सोयीची आहे. परंतु जेथें संध्याकाळची चूल सकाळच्या मजुरीवर पेटते, तेथें बेकार राहणें हीसुद्धां एक चैन आहे, आणि ती परवडणारीं घरें थोडीं असतात. बापाच्या पगारावर वर्षभर परीक्षेची तयारी करणारा पदवीधर बेकारांत मोजला जातो. चौकांतल्या मजूरअड्ड्यावर सकाळीं उभा राहून अखेर अर्ध्या मजुरीवर ओझें वाहून घरीं जाणारा कामावर असलेल्यांत मोजला जातो. पहिल्याचें दुःख खोटें नव्हे. परंतु दुसऱ्याचें दुःख बेकारीच्या आंकड्यांत येतच नाहीं.

मुंबई विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनें १९७० सालीं हीच गोष्ट सांगितली. औद्योगिक देशांत घडलेली बेकारीची कल्पना आपल्या शेतीप्रधान, घरगुती धंद्यांच्या समाजाला जशीच्या तशी लागू पडत नाहीं, आणि एका आंकड्यांत ती कोंबूं नये, असा तिचा अभिप्राय होता. त्याचें फळ म्हणून १९७२-७३ च्या पाहणींत तीन मापें आलीं : वर्षाचें, आठवड्याचें आणि दिवसाचें. एका शेतमजुरास आठवड्यांतून तीनच दिवस काम मिळतें, उरलेले चार दिवस तो काम मिळेल म्हणून थांबतो, असें समजूं. वर्षाच्या मापानें तो कामावर आहे. आठवड्याच्या मापानेंही कामावर आहे. दिवसाच्या मापानें सातांपैकीं चार दिवस बेकार आहे. तिन्ही उत्तरें खरीं आहेत. लबाडी व्हावयाची ती उत्तर निवडतांना होते. ज्याला सुबत्ता दाखवावयाची तो एक माप उचलतो, ज्याला हाहाकार दाखवावयाचा तो दुसरें. आणि आपण कोणतें माप उचललें हें सांगावयाचें दोघेही सोयीस्करपणें विसरतात.

मजुरीच्या आंकड्यांतही असाच चकवा असतो. सरासरी मजुरी ही ज्यांना काम मिळालें त्यांचीच असते. ज्यांना मिळालें नाहीं ते तिच्या बाहेर राहतात. २०२० च्या साथींत अमेरिकेंत कोट्यवधि लोकांचें काम गेलें, आणि त्याच एप्रिल महिन्यांत सरासरी तासाची मजुरी मात्र एकाएकी वाढलेली दिसली. कोणाचीही परिस्थिति सुधारली नव्हती. कमी मजुरीचे लोक आधीं कामावरून गेले, आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप वर सरकली. पंक्तींतले भुकेले उठवून दिले कीं उरलेली पंगत अधिक तृप्त दिसावी, तसाच हा प्रकार. म्हणून मजुरीचा आंकडा रोजगाराच्या आंकड्यावांचून वाचूं नये.

परंतु मजुरी कोणाची, हा प्रश्न त्याहून खोल आहे. आणि त्यासाठीं आपल्या ऊसतोडीच्या फडांत गेलें पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें साखर कारखान्यांच्या मुलखांत उतरतात. मुकादम त्यांना आधींच उचल देतो, आणि ती उचल "कोयत्या"वर देतो. कोयता म्हणजे हत्यार नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको तो साळून त्याच्या मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर, दोघांची मिळून. एकाचाही खाडा पडला तर दंड कोयत्याला बसतो. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हातांत पडते. पाहणीच्या तक्त्यांत माणसागणिक एक ओळ असते. जोडीसाठीं ओळ नसते. तेव्हां कोणी तरी ही मजुरी विभागून लिहिणार. निम्मी निम्मी लिहिली तर तक्ता नीट दिसतो. परंतु त्या बाईच्या हातांत ती निम्मी कधीं आलीच नाहीं, हें तक्ता सांगत नाहीं. सगळी नवऱ्याच्या नांवें लिहिली तर बाई केवळ मदतनीस ठरते. आणि ती पहांटे अंधारांत उठून, फडाच्या कडेच्या कोपीपुढें तीन दगडांवर ज्या भाकऱ्या भाजून निघालेली असते, त्या दोन्ही हिशेबांत नाहींत. त्या भाकऱ्यांवांचून कोयता दुपारपर्यंत चालला नसता.

कुटुंब हें एक मन, एक हात आणि एक थैली आहे, असें आपण गृहीत धरतों. अर्थशास्त्रानें तें सोयीसाठीं धरलें. आपण तें प्रेमानें धरतों, आणि प्रेमानें धरलेलें गृहीत तपासावयाचें कोणाच्या मनांत येत नाहीं. "आमच्यांत तुझें माझें नाहीं" असें जो म्हणतो, थैलीची दोरी बहुधा त्याच्याच हातीं असते.

आतां ह्या सर्वावर एक बळकट आक्षेप आहे, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. समजा, चुलीपाशीं होणारें सर्व श्रम आपण रोजगारांत धरले. मग देशांत बेकार बाई म्हणून उरणारच नाहीं. जिला बाहेर मजुरी हवी होती व मिळाली नाहीं, तिलाही आपण सांगूं : बाई, तूं कामावरच आहेस. सरकारला हें ऐकून समाधान वाटेल. तिच्या पदरांत कांहींच पडणार नाहीं. सन्मान देण्याच्या भरांत आपण तिची तक्रारच पुसून टाकूं.

हा आक्षेप केवळ कल्पनेंतला नव्हे. २०१७-१८ सालच्या आपल्या नियतकालिक श्रमपाहणींत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा २३·३ स्त्रिया श्रमिकांत मोडत होत्या. २०२३-२४ सालीं हें प्रमाण शेंकडा ४१·७ झालें. वाढ थक्क करणारी आहे. परंतु ह्या वाढींत मोठा वाटा घरच्या शेतींत किंवा धंद्यांत राबणाऱ्या, स्वयंरोजगारी म्हटलेल्या स्त्रियांचा आहे, आणि त्यांतील पुष्कळजणी घरच्या उद्योगांत विनामोबदला मदत करणाऱ्या आहेत. ह्याचा अर्थ काय करावा ? बायका खरोखरच अधिक संख्येनें कामाला लागल्या ? कीं पूर्वीं घरकामाच्या सदरांत लपलेलें त्यांचें काम गणकाला आतां दिसूं लागलें ? कीं घरांतल्या पुरुषाची कमाई पुरेना म्हणून त्यांना शेतांत उतरावें लागलें ? तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असूं शकतील. पण आंकडा आपण होऊन ह्यांतली एकही सांगत नाहीं. आपल्या कानाला "रोजगार" ह्या शब्दांत "रोज" ऐकूं येतो, आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरी. जिला रोज मिळत नाहीं तिचाही रोजगार वाढला, असें म्हणतांना जीभ थोडी तरी अडखळली पाहिजे.

ह्या पेंचांतून वाट काढण्याचा एक प्रयत्न २०१३ सालीं जिनीव्हा येथें जमलेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें केला. तिनें काम आणि रोजगार ह्या दोन कल्पना वेगळ्या केल्या. दुसऱ्यासाठीं किंवा स्वतःसाठीं वस्तु निर्माण करणें किंवा सेवा करणें, तें सर्व काम. त्यांतलें जें मोबदल्यासाठीं किंवा नफ्यासाठीं, तेवढा रोजगार. चूल पेटविणारी काम करते, हें ह्या भेदानें मान्य झालें. आणि तिला मोबदला मिळत नाहीं, हेंही झांकलें गेलें नाहीं. मला ह्यांत केवळ शास्त्रीय चोखपणा दिसत नाहीं, एक नैतिक विवेकही दिसतो. मान देणें आणि मोबदला देणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिल्यानें दुसरीचें ऋण फिटत नाहीं. गृहिणीच्या कष्टांची स्तोत्रें गाऊन तिच्या हातीं कांहीं न देणाऱ्या समाजाला तर हा भेद पाठ करून ठेवावयास हवा.

मग व्याख्येचा दोष कोठें ? माझ्या मतें व्याख्या खोटी नसते. ती एका विशिष्ट प्रश्नाचें उत्तर असते. बाजारांत किती श्रम विकले जात आहेत, ह्या प्रश्नाला रोजगाराची व्याख्या योग्य उत्तर देते. त्याच उत्तरावरून, कोण राबतें व कोण बसून खातें, असा निवाडा करूं लागणें, हा अपराध आहे. आणि तो गणकाचा नसून वाचणाऱ्याचा आहे. "काम करीत नाहीं" आणि "ह्या सदरांत येत नाहीं" ह्या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पाहणी दुसरें वाक्य बोलते. आपण पहिलें ऐकतों.

ह्याची कसोटी महाराष्ट्रांतच एकदां लागली. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास येथें रोजगार हमीची योजना आली, आणि पुढें तिला कायद्याचें स्वरूप मिळालें. मागेल त्याला काम, हें तिचें सूत्र. तेथें व्याख्या करणारा कोणी नव्हता. जो उन्हांत खडी फोडावयास येईल तो कामाचा गरजू. आणि आल्या कोण ? त्या येणाऱ्यांत फार मोठा वाटा स्त्रियांचा होता. त्यांतील किती तरी जणींविषयीं कोणी दारांत विचारलें असतें, तर घरच्या माणसानें "घरकाम" म्हणूनच सांगितलें असतें. त्या काम शोधीत नव्हत्या, कारण मिळण्यासारखें काम गांवांत नव्हतें. काम आलें तेव्हां त्या कोणत्या सदरांत आहेत हें पाहत बसल्या नाहींत. पुढें पाहण्यांनींही घरकाम करणाऱ्या स्त्रियांस, घरीं बसून करण्यासारखें काम दिलें तर घ्याल का, असें विचारावयास आरंभ केला. २०११-१२ सालीं ग्रामीण भागांतील अशा स्त्रियांपैकीं सुमारें एकतृतीयांश स्त्रियांनीं "होय" म्हटलें. म्हणजे विचारलें तर उत्तर मिळत होतें.

ह्यावरून पाहणी टाकाऊ आहे असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. तो काढणें फार सोपें आहे, आणि हल्लीं फार लोकप्रियही आहे. आंकडा आपल्याला गैरसोयीचा आला कीं "आंकडे खोटे असतात" म्हणावयाचें, आणि सोयीचा आला कीं फलकावर लावावयाचा, ही वृत्ति अज्ञानापेक्षांही वाईट. वर मीं जे जे दोष सांगितले, ते सर्व आपणांस पाहण्यांमुळेंच कळले आहेत. सहा कोटींचे तीन कोटी झाले, हें मोजणाऱ्यांनींच सांगितलें. २०१९ च्या वेळवापर-पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें घालवितात, आणि जे थोडे पुरुष घरकामास हात लावतात ते ९७ मिनिटें, हेंही मोजणाऱ्यांनींच सांगितलें. मोजदाद ही अन्यायाची जननी नव्हे. पुष्कळदां ती अन्यायाची पहिली साक्षीदार असते. परंतु साक्षीदाराला काय विचारावें हें ठरविणारे आपण, आणि त्याच्यापुढें बोलणारेही आपणच.

म्हणून विचारणाऱ्याचें एक कर्तव्य आहे, वाचणाऱ्याचें एक आहे, आणि उत्तर देणाऱ्याचेंही एक आहे. ज्याच्या श्रमाविषयीं विचारावयाचें त्यालाच विचारावें, हें पहिल्याचें. आंकड्यामागचा प्रश्न कोणता होता हें कळल्यावांचून आंकडा तोंडांत घालूं नये, हें दुसऱ्याचें. तिसऱ्याचें कर्तव्य सर्वांत सोपें दिसतें व सर्वांत कमी पाळलें जातें : दुसऱ्याच्या वतीनें बोलूं नये. न्यायालयांत कोणी आपल्या शेजाऱ्याच्या वतीनें शपथ घेत नाहीं. दारांत मात्र आपण बायकोच्या, आईच्या, सुनेच्या वतीनें बेधडक साक्ष देतों, आणि तिला त्रास दिला नाहीं म्हणून वर स्वतःला सभ्य समजतों. त्या दिवशीं मीं माझ्या पत्नीचें काम लपविलें, तें तिला कमी लेखून नव्हे. तें मला दिसत नव्हतें, एवढेंच. पण रोज डोळ्यांसमोर असलेलें न दिसणें, ही निर्दोष गोष्ट आहे असें आतां मला म्हणवत नाहीं.

ह्या पाहणीची रीत अशी आहे कीं, एकदां निवडलेलें घर चार महिने ओळीनें गांठावयाचें. त्यामुळें पुढच्या महिन्यांत तोच तरुण पुन्हां आला. ह्या वेळीं मी पत्नीला बाहेर बोलाविलें आणि खुर्ची सोडून बाजूला बसलों. गेल्या सात दिवसांत काय काम केलें, असें त्यानें विचारलें. तिनें बोटांवर दिवस मोजले आणि सांगितलें, "फॉल आणि दोन ब्लाउज. सगळे मिळून बारा तास झाले असतील." पैसे किती आले, तेंही सांगितलें, तो आंकडा मला ठाऊक होता त्यापेक्षां थोडा अधिक होता. त्यानें सर्व लिहून घेतलें, आणि मग नेहमींचा पुढचा प्रश्न केला, "आणखी काम मिळालें तर कराल का ?"

"काम करीन कीं," ती म्हणाली. "काम पुष्कळ आहे. वेळ कोण देणार ?"

त्या उत्तरासाठीं त्याच्याजवळ सदर नव्हतें. तो क्षणभर थांबला आणि "होय" असें लिहून पुढें गेला. त्यांत त्याचा दोष नव्हता. तें उत्तर त्याच्यासाठीं नव्हतेंच.